ट्रायम्फ 650 : टॅपेट सेट केल्यावर एकाच बाजूने आवाज

रंकाळ्याचा ट्रायम्फवाला

नमस्कार. माझ्याकडे 1967 ची ट्रायम्फ टीआर 6 आहे. दोन सिलिंडरांचे 650 सीसीचे इंजिन आणि एकच कार्ब्युरेटर. गेल्या आठवड्यात इथल्याच एका मेस्त्रींकडून टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकर नावाच्या दांडीमधले अंतर) सेट करून घेतले. त्यांचा हात बुलेटवर बसलेला आहे आणि काम त्यांनी मन लावून केले. दोन्ही प्लग काढून, भोकातून सायकलचा आरा आत सोडून त्यांनी पिस्टन अगदी वर आणले आणि त्याच स्थितीत चारही व्हॉल्व्हचे अंतर धरले: इनलेटला 0.05 मिमी, एक्झॉस्टला 0.10 मिमी. गाडी सुरू केली तेव्हा डावी बाजू शांत होती, पण उजवीकडून पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज येत होता आणि त्या बाजूच्या सायलेन्सरमधून धक्काही निम्माच जाणवत होता. दोन मिनिटांत मी इंजिन बंद केले. कॅम (फिरताना व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजला असेल का? इंजिन खोलण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उद्यमनगरचा फिटर

इंजिन खोलू नका. तुम्ही लिहिलेल्या वर्णनातच दोष दिसतो आहे. आकडे बरोबर आहेत, पण ते धरताना उजव्या सिलिंडरची स्थिती चुकली.

या इंजिनाचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात आणि एकाच वेळी खाली जातात. मात्र ते वर आलेले असताना एकच सिलिंडर कॉम्प्रेशनवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून आतले मिश्रण दाबण्याच्या स्थितीत असतो. दुसऱ्यात त्याच क्षणी एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनलेट उघडू लागलेला असतो, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडेच असतात. बुलेटला एकच सिलिंडर असल्यामुळे कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन अगदी वर असण्याची स्थिती) सापडला की दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे मिळतात. तीच सवय इथे घात करते. तुमच्या मेस्त्रींना उजवीकडचे रॉकर घट्ट लागले असणार, म्हणून त्यांनी फिलर गेजची (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याची) पाती जाईपर्यंत स्क्रू मागे घेतले असणार. आता कॅम फिरून व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो तेव्हा तिथे भलतेच अंतर पडते.

या गाडीला टीडीसी शोधण्याची गरजच नाही. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. गाडी मेन स्टँडवर घ्या, दोन्ही प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचे चाक हाताने पुढे फिरवा. डावीकडचा इनलेट पूर्ण खाली दबला की उजवीकडचा इनलेट सेट करा, आणि उजवीकडचा पूर्ण दबला की डावीकडचा. एक्झॉस्टलाही हाच नियम लावा. एका सिलिंडरचा कॅम शिखरावर असतो तेव्हा दुसऱ्याचा नेमका उलट बाजूला, गोल भागाच्या मध्यावर असतो, त्यामुळे अंदाजाला जागाच राहत नाही. पुढचा रॉकर बॉक्स एक्झॉस्टचा आणि मागचा इनलेटचा, एवढे लक्षात ठेवा.

एक महत्त्वाचे. इतके अंतर पडल्यावर पुशरॉड (कॅमचा धक्का रॉकरपर्यंत नेणारी दांडी) आपल्या खोबणीतून सरकलेला असू शकतो. स्क्रू आवळण्यापूर्वी रॉकर हाताने हलवून तो जागेवर आहे ना हे पाहा, नाहीतर वाकेल.

इचलकरंजीचा बुलेटप्रेमी

माझ्या जुन्या बुलेटला मी फिलर गेज कधीच लावत नाही. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये, एवढेच बघतो. इथेही तसे केले तर काय बिघडेल?

उद्यमनगरचा फिटर

बुलेटला ते योग्यच आहे, कारण तिथे झाकण काढले की पुशरॉड हाताला लागतो. ट्रायम्फचे पुशरॉड नळीत बंद असतात आणि सेटिंग वर रॉकरच्या टोकाला असते. शिवाय अंदाज चुकून एक्झॉस्ट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता सीटमधून निघून जात नाही आणि तो जळतो. सैल टॅपेट निदान ओरडून सांगतो.

अर्थात रॉकर बॉक्सच्या त्या लहान भोकातून फिलर गेजची पाती सपाट बसवणे अवघडच आहे. म्हणून मी आट्यांचा हिशोब धरतो. स्क्रूचे आटे इंचाला 26 असतील (पिच गेज लावून खात्री करा) तर एका पूर्ण फेरीत स्क्रू सुमारे 0.98 मिमी सरकतो. अंतर शून्य होईपर्यंत स्क्रू हलक्या हाताने टेकवा आणि मग मागे घ्या: घड्याळाच्या तबकडीवर मोजाल तर इनलेटला तीन मिनिटे, एक्झॉस्टला सहा मिनिटे. लॉकनट आवळताना स्क्रूचे चौकोनी डोके धरून ठेवा, कारण नटाबरोबर तेही फिरते आणि केलेली मेहनत वाया जाते. आवळून झाल्यावर पुन्हा तपासा. नटाला मेट्रिक पाना लावू नका, कडा गोल होतील. जुन्या ऑइल इंजिनांची कामे करणाऱ्या आमच्याकडच्या वर्कशॉपांत व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने अजून मिळतात.

रंकाळ्याचा ट्रायम्फवाला

आज सकाळी टाकी उतरवून सगळे तपासले. उजवीकडच्या इनलेटखाली माझ्या फिलर गेजच्या साऱ्या पात्या एकावर एक ठेवून सरकवल्या, तरी जागा उरली. पुशरॉड मात्र सुदैवाने जागेवर होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चारही व्हॉल्व्ह सेट केले. पहिल्याला पाऊण तास लागला, उरलेल्या तिघांना मिळून अर्धा. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि दोन्ही सायलेन्सरांना हात धरून पाहिला तेव्हा धक्का सारखाच लागला. पन्हाळ्याचा घाट चढून आलो. परतल्यावर पाहतो तर एक्झॉस्टच्या बाजूचे एक झाकण वाटेत कुठेतरी गळून पडलेले, आणि उजवा बूट तेलाने माखलेला.

उद्यमनगरचा फिटर

ती झाकणे पडतातच, या गाडीची ती जुनी खोड आहे. नवीन झाकण फायबर वॉशर घालून बसवा आणि घाटात जाण्यापूर्वी चारही एकदा हाताने आवळून पाहा.