शिकागो परिसरातील रिव्हरबोट कॅसिनो : ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजणाऱ्याने कोणत्या अटींची तुलना करावी?

मेंढीकोट (प्रश्न)

मी शिकागोच्या पश्चिम उपनगरात राहतो आणि गेले वर्षभर ब्लॅकजॅकमधील (पत्त्यांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करण्याच्या खेळातील) हाय-लो मोजणीचा घरी सराव करीत आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या पत्त्यांना अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा व एक्का यांना उणे एक धरून चालू बेरीज ठेवायची आणि शिल्लक कॅटांच्या संख्येने तिला भागून ट्रू काउंट काढायचा, इतके आता गोंगाटातही जमते. गणपतीच्या जागरणात चारही दश्श्या कुठे गेल्या याचा हिशेब ठेवण्याची लहानपणची सवय इथे कामी आली.

प्रश्न पुढचा आहे. घरापासून दीड तासाच्या अंतरात इलिनॉय आणि इंडियाना या दोन्ही राज्यांतील बोटी येतात. (बोट म्हणायचे ते केवळ सवयीने, मी पाहिलेल्यांपैकी एकही हलत नाही.) गेल्या दोन महिन्यांत तीन ठिकाणी एकही डॉलर न लावता केवळ निरीक्षण केले. पहिल्या बोटीवर सहा कॅटांचा खेळ आहे, डीलर सॉफ्ट सतरावर (एक्का अकरा धरून होणाऱ्या सतरावर) आणखी पत्ता घेतो, जोडी फोडल्यावर रक्कम दुप्पट करता येते, सरेंडर (अर्धी रक्कम सोडून डावातून बाहेर पडण्याची सोय) आहे, किमान रक्कम २५ डॉलर आहे आणि सुमारे दीड कॅट न वाटता शिल्लक ठेवतात. दुसरीवर आठ कॅट, डीलर सर्व सतरांवर थांबतो, सरेंडर नाही, किमान १५ डॉलर आणि अडीच कॅट शिल्लक. तिसरीवर दोन कॅटांचा खेळ ५० डॉलरपासून आहे, परंतु त्यातला एक कॅट वाटलाच जात नाही. त्याच बोटीवर १० डॉलरची सहा कॅटांची टेबलेही पुष्कळ आहेत, जिथे ब्लॅकजॅक (पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता) लागल्यास १० डॉलरवर १५ ऐवजी १२ डॉलर देतात. नियमांचा विचार करता मला दुसरी बोट आकर्षक वाटते, कारण डीलर सतरावर थांबतो आणि किमान रक्कमही कमी आहे. माझा हा निष्कर्ष बरोबर आहे का, याविषयी अनुभवी सदस्यांनी मत द्यावे.

बोटींची नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. चांगल्या टेबलाची जाहीर वाच्यता झाली की ते टेबल फार दिवस चांगले राहत नाही, हे येथे सर्वांना ठाऊक आहे.

शिल्लक_कॅट

तुमच्या यादीतील १० डॉलरची टेबले आधी बाजूला काढू. दहावर पंधराऐवजी बारा देण्याने कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो आणि तशा सहा कॅटांच्या टेबलावर तो एकूण दोन टक्क्यांच्या घरात जातो. ट्रू काउंट एकाने वाढला की खेळाडूची बाजू साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते. म्हणजे केवळ बरोबरीला येण्यासाठी अधिक चारपर्यंत वाट पाहावी लागेल, आणि तितका काउंट पूर्ण शूमध्ये (पत्ते वाटण्याच्या पेटीत, म्हणजे एकदा पिसल्यापासून पुन्हा पिसेपर्यंत) एकदाही न येण्याची शक्यताच अधिक. किमान रक्कम कमी दिसते म्हणून तिथे बसू नये.

आता उरलेल्या तिघांकडे येऊ. दुसऱ्या बोटीचा नियम कागदावर चांगला आहे, हे खरे. डीलर सर्व सतरांवर थांबत असेल तर खेळाडूला सुमारे ०.२ टक्के मिळतात. परंतु मोजणाऱ्याचे उत्पन्न मुख्यतः शू संपत आल्यावर वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांतून येते. सुरुवातीच्या फायद्या-तोट्याला त्या मानाने कमी महत्त्व असते. समजा, चालू बेरीज अधिक नऊ आहे. शिल्लक दीड कॅट असतील तर ट्रू काउंट सहा होतो आणि पहिल्या बोटीच्या नियमांनुसार तुमच्याकडे जवळपास अडीच टक्क्यांचा फायदा असतो. शिल्लक तीन कॅट असतील तर तीच बेरीज केवळ तीन होते आणि फायदा एका टक्क्याच्या आसपास राहतो. आठ कॅटांमधले अडीच जिथे वाटलेच जात नाहीत, तिथे भाजक कधीच लहान होत नाही आणि मोठी रक्कम लावण्याचा प्रसंगही क्वचितच येतो. त्यातच सरेंडर नसल्याचा तोटा मोजणाऱ्याला सामान्य खेळाडूपेक्षा अधिक होतो, कारण मोठी रक्कम तो उच्च काउंटलाच लावतो आणि दश्शीसमोर पंधरा-सोळा घेऊन बसण्याची वेळही नेमकी तेव्हाच अधिक वेळा येते. अर्धी रक्कम सोडून बाहेर पडण्याची सोय तेव्हा खरी मोलाची ठरते.

दोन कॅटांच्या टेबलाचा मोह सर्वांनाच होतो. मलाही झाला होता. अर्धेच पत्ते वाटले जात असतील तर मोजणीला काही अर्थ येण्याआधीच डीलर पत्ते पिसायला घेतो, आणि पिसण्यात गेलेला वेळ तुमच्या तासातून वजा होतो. ५० डॉलर किमान देऊन ते करण्याचे कारण नाही.

म्हणून माझे मत पहिल्या बोटीला, पण एका अटीवर. ‘सुमारे दीड कॅट’ हे तुम्ही किती डीलरांकडे पाहिले? एकाच बोटीवर एक डीलर सव्वा कॅट ठेवतो, दुसरा दोन ठेवतो आणि तिसऱ्याला पिट बॉस (टेबलांवर देखरेख करणारा) येऊन कट कार्ड (पत्ते कुठे थांबवून पिसायचे ते दाखवणारे, गठ्ठ्यात खोचलेले कार्ड) मागे सरकवायला सांगतो. काही ठिकाणी जागा निश्चित करणारी खाच केलेली असते, तिथे प्रश्न मिटतो. तशी नसल्यास तुलना बोटींची नव्हे, तर डीलरांची आणि वेळांची करावी लागते.

सेंटलुईसकर

वरील गणिताशी सहमत आहे. मी १९९४ पासून मिसिसिपीच्या काठी राहतो, त्यामुळे या बोटींचे जुने दिवस पाहिले आहेत आणि त्यांची एक सवय आजही टिकून असल्याने थोडे मागचे सांगतो.

आयोवा राज्याने १ एप्रिल १९९१ रोजी बोटी सोडल्या तेव्हा एका डावाला कमाल पाच डॉलर लावण्याची आणि बोटीच्या एका फेरीत कमाल २०० डॉलर हरण्याची मर्यादा होती. १९९४ मध्ये ती उठेपर्यंत तिथे पत्ते मोजणे हा निव्वळ करमणुकीचा विषय होता. इलिनॉयची पहिली बोट १९९१ च्याच सप्टेंबरमध्ये ऑल्टन येथून निघाली आणि १९९९ पर्यंत त्या राज्यातील बोटींना खरोखर फेऱ्या माराव्या लागत. कुणाचा संशय आला तरी बोट धक्क्याला लागेपर्यंत मोजणाऱ्याला उतरता येत नसे. मिझुरीची गोष्ट त्याहून विचित्र होती. १९९४ च्या आरंभी तेथील सर्वोच्च न्यायालयाने केवळ नशिबाच्या खेळांना मनाई केली, तेव्हा काही महिने बोटींवर कौशल्याचे म्हणून ब्लॅकजॅक आणि पोकर चालत, रूले नव्हे. नोव्हेंबरच्या मतदानाने ती अडचण दूर झाली. परंतु दोन तासांच्या एका फेरीत ५०० डॉलरपेक्षा अधिक हरू न देण्याची मर्यादा २००८ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकली. काउंट चढलेला असताना आणखी चिप्स घेता येऊ नयेत, याहून मोजणाऱ्याला मोठा अडथळा तो कोणता? शिवाय मर्यादा पाळली जाते हे दाखवण्यासाठी प्रत्येकाला खेळाडूचे कार्ड घ्यावेच लागे.

मर्यादा गेल्या, फेऱ्या गेल्या, पण बोटींचा छोटा आकार आणि ओळखीची माणसे उरली. लास व्हेगासला एका ठिकाणी चेहरा परिचित झाला तर रस्ता ओलांडून दुसरीकडे जाता येते. येथे ब्लॅकजॅकची मोजकी टेबले, तेच पिट बॉस, तेच नेहमीचे लोक. २५ वरून २५० डॉलरवर जाणारा नवा माणूस तासाभरात सर्वांच्या नजरेत भरतो. टेबलामागे उभे राहून मोजत राहणारा तर त्याहूनही लवकर. आणि बोटी वेगळ्या दिसल्या तरी मालक वेगळे असतातच असे नाही. तुमच्या परिसरात इंडियानातील हॅमंडचे हॉर्सशू आणि इलिनॉयमधील जोलिएटचे हॅराज ही दोन्ही सीझर्स कंपनीची आहेत. इंडियानातील ईस्ट शिकागो या गावचे अमेरिस्टार आणि इलिनॉयमधील जोलिएट व ऑरोरा येथील हॉलीवूड ही पेन कंपनीची. एका ठिकाणी नाव लिहिले गेले की दोन राज्यांतील दारे एकदम बंद होऊ शकतात. म्हणून बोटींची यादी करताना आधी मालकांची यादी करावी, असे मी सुचवीन.

कायद्याविषयीही स्पष्ट असावे. केवळ डोक्याने पत्ते मोजणे हा गुन्हा नाही. फोन किंवा कोणतेही उपकरण वापरणे ही मात्र पूर्णपणे वेगळी बाब आहे. परंतु गुन्हा नसणे म्हणजे खेळण्याचा हक्क असणे नव्हे. ओहायो नदीवरील रायझिंग सन येथील ग्रँड व्हिक्टोरिया कॅसिनोने २००६ मध्ये एका मोजणाऱ्याला प्रवेशबंदी केली. इंडियानाच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, पण २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि खासगी जागेच्या मालकाला ग्राहकाला नाकारण्याचा जुना अधिकार आहे, असे मान्य केले. न्यू जर्सीत १९८२ पासून नेमकी उलट स्थिती आहे. तिथे केवळ मोजतो म्हणून कुणाला हाकलता येत नाही. त्याऐवजी तिथले कॅसिनो पत्ते लवकर पिसतात किंवा रकमेवर मर्यादा घालतात.

मला स्वतःला एका बोटीवरून अत्यंत सौजन्याने निरोप दिला गेला. ‘इतर कोणताही खेळ खेळा, ब्लॅकजॅक नको’, एवढेच. जेवणाचे कूपन मात्र परत मागितले नाही.

मेंढीकोट

दोघांचेही आभार. मालकांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. कट कार्ड मी केवळ दोन डीलरांचे पाहिले होते, हे कबूल करतो.

आणखी दोन शंका आहेत. मी एच-१बी व्हिसावर आहे आणि ग्रीन कार्डचा अर्ज पुढे-मागे करायचा आहे. प्रवेशबंदी झाल्यास त्याचा काही परिणाम होतो का? दुसरे, महिन्यातून दहा तास खेळल्यास उत्पन्न स्थिरावायला किती काळ लागेल? याशिवाय डिसेंबरमध्ये गोव्याला जाणे होणार आहे, तेव्हा मांडवीवरच्या बोटींविषयीही कुणी सांगितल्यास बरे होईल.

हिशेबनीस

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर आकड्यांत देता येते. समजा, पहिल्या बोटीवर २५ ते २५० डॉलरच्या पट्ट्यात तुमचे अपेक्षित उत्पन्न शंभर डावांमागे ३५ डॉलर आहे आणि प्रमाण विचलन (अपेक्षेभोवतीच्या चढउताराचे माप) ८०० डॉलर आहे. चाळीस तासांनंतर, ताशी शंभर डाव धरून, अपेक्षा १४०० डॉलरची असेल, परंतु विचलन ५००० डॉलरच्या थोडे पुढे. तोपर्यंत तुम्ही उत्तम खेळूनही काही हजारांनी तोट्यात असाल तर त्यात आश्चर्य नाही. अपेक्षा आणि विचलन समान होण्यास सुमारे ५२२ तास लागतात. महिन्याला दहा तासांच्या वेगाने चार वर्षांहून अधिक. आणि शंभर डाव हे कमी गर्दीच्या टेबलाचे मान आहे. शनिवारी रात्री सात जणांच्या टेबलावर तासाला पन्नासच्या आसपासच डाव होतात, तेव्हा तो काळ दुप्पट धरावा. दीड तास जाण्याचा, दीड तास येण्याचा आणि पेट्रोलचा खर्च मी अद्याप धरलेलाच नाही.

करांचा भाग अनेक जण विसरतात. २०२६ पासून जुगारातील तोट्याच्या केवळ ९० टक्के रकमेचीच वजावट संघीय करात मिळते. वर्षभरातील जिंकलेल्या सत्रांची बेरीज ५०,००० आणि हरलेल्यांची ४८,००० डॉलर असेल तर हातात आलेले २००० असतील, पण वजावट ४३,२०० चीच मिळून ६८०० डॉलर करपात्र ठरतील. तीही वजावट तपशीलवार दाखवली तरच. तासाला ३५ डॉलरच्या खेळात हा फरक सगळा फायदा गिळू शकतो. तसेच एका दिवसात दहा हजार डॉलरहून अधिक रोख व्यवहार झाल्यास कॅसिनो सरकारला अहवाल पाठवतो. त्यात काही वावगे नाही. तो टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तोडून देणे हा मात्र संघीय गुन्हा आहे.

व्हिसाविषयी : नागरिकत्वासाठीच्या सच्चारित्र्याच्या व्याख्येत कायदा मुख्यतः बेकायदा जुगारावर जगणाऱ्याचा उल्लेख करतो, परवानाधारक कॅसिनोत खेळणे त्यात बसत नाही. धोका दुसरीकडे आहे. प्रवेशबंदीची औपचारिक सूचना मिळाल्यानंतर पुन्हा त्या जागेत पाऊल टाकल्यास अतिक्रमणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि ग्रीन कार्डच्या अर्जात आजवरच्या प्रत्येक अटकेविषयी विचारलेले असते. सूचना मिळाली की वाद न घालता बाहेर पडावे, कागद जपून ठेवावा आणि त्या मालकाच्या इतर ठिकाणांनाही तो लागू आहे का, हे वाचून घ्यावे. शंका असल्यास खेळाआधी वकिलाची फी भरावी.

मांडवीपार

पणजीबद्दल थोडक्यात. गोव्यात डीलरसह चालणारे खेळ पाण्यावरील जहाजांवरच आहेत. जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांना इलेक्ट्रॉनिक खेळांचीच परवानगी आहे. तेव्हा तुमची तुलना मांडवीतल्या जहाजांपुरतीच राहील. पण तेथे कट कार्डाआधी कर पाहावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोंवर जीएसटी ४० टक्के झाला आणि तो चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून हाच दर २८ टक्के होता. कॅसिनो आणि खेळाडू यांच्यात तो भार कसाही वाटला जावो, एका टक्क्याच्या फायद्यावर जगणाऱ्याला तो सोसणारा नाही. त्यापलीकडे जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. डिसेंबरमध्ये जरूर या, धक्क्यावरून दिवे बघा आणि मासे खा.

शिल्लक_कॅट

मेंढीकोट, पुढच्या फेरीसाठी एक काम सांगतो. कॅसिनोत वापरतात तसे सहा कॅट विकत घ्या आणि अर्धा, एक, दीड असे गठ्ठे करून टेबलावर कडेने रचून ठेवा. आठवडाभर येता-जाता नुसत्या नजरेने त्यांची उंची ओळखण्याचा सराव करा, कारण वापरून झालेल्या पत्त्यांचा ढीग टेबलापासून सहा फुटांवरून तुम्हाला तेवढाच दिसणार आहे. शूमध्ये किती उरले ते या ढिगावरूनच काढायचे असते. मग पहिल्या बोटीवर आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी आणि शनिवारी रात्री, अशा दोन वेळी जा, किमान सहा डीलरांचे कट कार्ड पाहा आणि टेबलावर किती लोक बसले होते तेही लिहून आणा. शूच्या मध्येच खेळात प्रवेश मिळतो की नाही, ही पाटीही पाहा. तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही. तोपर्यंत रक्कम किती लावायची हा प्रश्न उघडण्याची घाई नको.