विषय: सप्टेंबरची सहल नापाऐवजी लिव्हरमोरला नेऊया का?

नमस्कार मंडळी,

सहलीसाठी पुन्हा नापाचं, कॅलिफोर्नियातल्या त्या प्रसिद्ध वाइनच्या खोऱ्याचं, नाव निघालंय. माझी विनंती आहे, यंदा लिव्हरमोर ठरवूया. तिथल्या शिव-विष्णू मंदिरात आपण सगळेच जातो आणि दर्शन झालं की थेट हायवेला लागतो. तिथून थोड्याच अंतरावर, टेस्ला रोडला, १८८३ सालच्या दोन वाइनरी आहेत: वेंटी आणि कॉन्कॅनन. त्याच्या आदल्याच वर्षी चार्ल्स वेटमोरने इथे क्रेस्टा ब्लँका ही वाइनरी सुरू केली होती. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात तिच्या वाइनला ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च बक्षीस, मिळालं, तेही फ्रेंचांच्या घरात! एवढं असून आपल्यातल्या कितीतरी जणांनी ही बाजू पाहिलेलीच नाही.

– मंजिरी, प्लेझंटन

---

मंजिरी,

फार बरं वाटलं वाचून. पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग होती, त्यामुळे मला बक्षिसापेक्षा लागवडीच्या काडीचं अप्रूप जास्त. १९१२ साली अर्नेस्ट वेंटीने फ्रान्समधल्या माँपेलिएहून शार्डने या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाच्या काड्या आणवल्या. मग वर्षानुवर्षं निरोगी, चांगला माल देणाऱ्या वेली हेरायच्या आणि पुढची लागवड त्यांच्याच काड्यांनी करायची, हे त्याने सोडलं नाही. आमचे आजोबाही असंच करायचे. वेलीला खूण म्हणून चिंधी बांधून ठेवायचे. आज कॅलिफोर्नियातली बहुतेक शार्डने या वेंटीच्या काडीच्याच वंशातली आहे. बाटलीवर 'शार्डने' हे द्राक्षाचं नाव घालणारी अमेरिकेतली पहिली वाइनही त्यांचीच, १९३६ची. तोवर 'शाब्ली', 'बरगंडी' अशी फ्रान्सची उसनी नावं चालायची.

कॉन्कॅननचा मूळपुरुष जेम्स आयर्लंडहून आलेला. आधी रबरी शिक्के विकत फिरायचा. १९२० ते १९३३च्या दारूबंदीत अनेक बागा मोडल्या, पण चर्चच्या प्रार्थनेला लागणारी वाइन करायची मुभा होती. तिच्यावर हे घर तगलं. पेटीट सिराह या काळ्या द्राक्षाचं नाव लेबलवर पहिल्यांदा त्यांनीच आणलं, १९६१च्या वाइनवर. ती नक्की चाखा.

– अरुणकाका

---

काका, एक शंका. लिव्हरमोरला दुपारी एवढं तापतं, तरी द्राक्ष टिकतं कसं?

– स्नेहल

---

स्नेहल, हे खोरं पूर्व-पश्चिम पसरलंय. संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्को बे कडून गार वारा आत शिरतो आणि रात्री चांगल्याच थंड होतात, म्हणून मण्यातला आंबटपणा उतरून जात नाही. जमीनही खडीची, पाणी साचू न देणारी. इथे छाटणी हिवाळ्यात एकदाच. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, अशी दोनदा. म्हणून नाशिकला तोडणी जानेवारीपासून, तर इथे ऑगस्ट-सप्टेंबरला. सप्टेंबरात गेलो तर वेलीवर घड पाहायला मिळतील.

बागेत चालायला ज्यांना जमणार नाही त्यांनी मला कळवा. माझ्या गाडीत चार जागा आहेत.

– अरुणकाका