घरं हातोहात खपतात, मग शेअर का आपटतोय?

मुलुंड पूर्वेतल्या एका सोसायटीचा गुंतवणुकीचा ग्रुप. एका लिस्टेड बिल्डर कंपनीचा तिमाही निकाल लागला त्या दिवसाची संध्याकाळ.

ए-६०२: निकाल आला. बुकिंग आजवरचं सर्वाधिक, असं प्रेस नोटच्या पहिल्याच ओळीत आहे. आणि शेअर सकाळी उघडला तो खालीच, दुपारी आणखी खाली. माझ्या खरेदीच्या भावाच्या आता जेमतेम निम्म्यावर आलाय. एलबीएस रोडवर ह्यांचंच होर्डिंग आहे, पहिला टॉवर संपूर्ण विकला गेला म्हणून. हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

ए-२०४: मीही अडकलेय त्यात. दर महिन्याला पगार झाला की थोडे थोडे घेत होते. ऑफिसमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, मुंबईत जागेचे भाव उतरत नाहीत, मग बिल्डरचा शेअर कसा उतरेल?

सेक्रेटरी: कंपनीचं नाव कृपया कुणी लिहू नका. आपल्याकडचे दोघंतिघं तिथे नोकरीला आहेत आणि ग्रुपवरचे स्क्रीनशॉट बाहेर जातात. बाकी चर्चा जरूर करा, आपल्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांचे पैसे त्यात आहेत.

डी-३०१: एकट्या ह्याच कंपनीचं नाही हो. २०२४ च्या मध्यानंतर बिल्डर कंपन्यांचा सगळा निफ्टी रिअल्टी निर्देशांकच उतरला होता. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० वरून टप्प्याटप्प्यानं ५.२५ टक्क्यांवर आणला. मला वाटलं, आता गृहकर्जं स्वस्त होणार, बिल्डरांचे शेअर पळणार. आपला काही हलला नाही.

बी-५०३: जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. बँकेत असताना बिल्डरांच्या कर्जाच्या फायली वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर असायच्या, म्हणून राहवत नाही.

जागेचा भाव आणि शेअरचा भाव ह्यांची गाठ आपण समजतो तितकी घट्ट नसते. डीएलएफ ह्या बिल्डर कंपनीचं उदाहरण घ्या. जून २००७ मध्ये ५२५ रुपयांना आयपीओ, म्हणजे पहिली शेअरविक्री, आला. २००८ च्या जानेवारीत भाव हजाराच्या वर गेला, मग जगभर मंदी आली आणि शेअर कोसळला. आयपीओच्या भावाच्या वर येऊन टिकायला २०२३ उजाडलं. ह्या मधल्या काळात जागा स्वस्त झाल्या का? तुम्हीच सांगा. आपण शेअर घेतो त्या दिवशीच्या भावात पुढच्या कितीतरी वर्षांची विक्री आधीच धरलेली असते. मग बुकिंग नुसतं चांगलं येऊन भागत नाही. बाजारानं धरलं होतं त्याहून चांगलं यावं लागतं.

ए-६०२: काका, ते पटलं. पण इतकं बुकिंग होऊनही नफा मागच्या वर्षीपेक्षा कमी कसा?

बी-५०३: कारण बुकिंगचा नफा आज दिसतच नाही. १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ हे हिशेबाचं मानक लागू झालं. तेव्हापासून बहुतेक बिल्डर घराची रक्कम उत्पन्नात धरतात ती ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, मिळाल्यावर, ताबा द्यायच्या वेळी. आज जो नफा दिसतोय तो चार-पाच वर्षांपूर्वी विकलेल्या घरांचा. ह्या तिमाहीत एखाद्या टॉवरची ओसी लांबली की नफा आपटला. त्यावरून मी कंपनी वाईट ठरवणार नाही.

मला काळजी आहे ती वसुलीची. बुकिंग म्हणजे कागदावरची विक्री. गिऱ्हाइकाकडून हातात किती आले हा आकडा वेगळा असतो, आणि तो प्रेस नोटमध्ये खाली कुठेतरी असतो. आजची नोट मी दोनदा वाचली. बुकिंगचा आकडा मोठ्या टायपात. वसुली शेवटच्या पानावरच्या तक्त्यात, आणि ती मागच्या तिमाहीपेक्षा कमी. बुकिंग चढतंय आणि वसुली उतरतेय, हे मला बरं दिसत नाही.

सी-१०१: मी सांगते असं का होतंय ते. माझ्या भाच्यानं ह्यांच्याच प्रोजेक्टमध्ये घर घेतलंय. स्कीम कोणती? १०-९०. आता दहा टक्के भरायचे, बाकीचे ताब्याच्या वेळी. दोन कोटींचं घर धरलं तर बुकिंगमध्ये पूर्ण दोन कोटी दिसतात आणि हातात येतात वीस लाख. उरलेले एक कोटी ऐंशी लाख कधी येणार? बिल्डिंग उभी राहील तेव्हा. तोवर सिमेंट, सळई, मजूर ह्यांचे पैसे कुठून काढायचे? कर्जातूनच ना?

ए-२०४: वहिनी, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं सगळे बांधकाम होईल तसे हप्ते भरतात.

सी-१०१: पहिल्या टॉवरला तसंच होतं. प्लिंथ, म्हणजे जोतं, झालं की हप्ता मागणारं डिमांड लेटर, मग स्लॅब पडेल तसं पुढचं. नव्या टॉवरला घरं खपेनात म्हणून ही स्कीम काढली. आणि पहिल्या टॉवरचंही ऐका. भाच्याच्या शेजाऱ्याला दिवाळीनंतर डिमांड लेटरच आलेलं नाही. लोक खूश आहेत, हप्ता नाही म्हणून. अहो, पत्र नाही म्हणजे स्लॅब पडला नाही! मी परवा भाच्याबरोबर साइटवर जाऊन आले. वरच्या मजल्यावर कॉलमच्या सळया उघड्या पडल्यात, गंजून लाल झाल्यात. हिरवी जाळी एका बाजूनं सुटून लोंबतेय. क्रेन आहे, पण आम्ही होतो तेवढ्या वेळात ती जागची हलली नाही. खाली सेल्स ऑफिसमध्ये मात्र एसी, कॉफी, मॉडेल फ्लॅट, सगळं झकास.

ए-६०२: वहिनी, हे कुठल्याच ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये नाही.

ए-२०४: बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या साइटवर आत्ताच प्रोजेक्ट उघडून बघितला. दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती टाकावी लागते, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए ह्यांच्या प्रमाणपत्रांसकट. त्या टॉवरच्या आरसीसी कामाचा टक्का मागच्या तिमाहीत जो होता तोच ह्या तिमाहीत आहे. वहिनींनी पाहिलं ते बरोबर आहे.

बी-५०३: शाब्बास. आता ह्याला आणखी एक गोष्ट जोडा. रेरा कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि काम जितकं पुढे जाईल त्या प्रमाणातच काढता येतात. काम थांबलं की वसुली थांबते, आणि खात्यात पडलेलेही हवे तसे उचलता येत नाहीत. घर घेणाऱ्यासाठी हा कायदा उत्तमच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण शेअर घेणाऱ्यानं त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. साइट थंड पडली की कंपनीला पैसा बाहेरून आणावा लागतो.

ए-६०२: आणि तो आणलाच की! क्यूआयपी करून. मला सगळ्यात राग आहे तो ह्याचा. आम्ही वरच्या भावात घेऊन बसलो आणि मोठ्या संस्थांना कंपनीनं स्वस्तात नवे शेअर देऊन टाकले. आमचा वाटा कमी झाला. आम्हाला कुणी विचारलं?

बी-१०२: दादा, सीए म्हणून सांगते, विचारलं होतं. क्यूआयपीला भागधारकांचा विशेष ठराव लागतो. बाजूनं पडलेली मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. सेबीच्या सूत्रानं निघणाऱ्या भावावर ५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची असली तरी ठरावात तशी मंजुरी लागते. ई-व्होटिंगचा मेल आपल्या सगळ्यांना येतो, घरबसल्या मत देता येतं. पण क्यूआयपीत भाग घ्यायचा हक्क फक्त पात्र संस्थांना, हे खरं आहे. राइट्स इश्यू, म्हणजे आहे त्याच भागधारकांना नवे शेअर, काढला असता तर आपल्यालाही त्याच भावात मिळाले असते. तुमचा राग रास्त आहे.

डी-३०१: सेबीकडे स्कोअर्स ह्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करायची का?

बी-१०२: भाव पडला ही तक्रार तिथे चालत नाही. डिव्हिडंड आला नाही, शेअर ट्रान्सफर अडकलं, माहिती दिली नाही, अशा गोष्टी चालतात. आधी कंपनीला लिहायचं, मग स्कोअर्स. आणि ज्यांना तोटा घेऊन बाहेर पडायचंय त्यांच्यासाठी एक सांगून ठेवते. वर्षाच्या आत विकलंत तर तो अल्पकालीन तोटा, तो दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. वर्ष उलटल्यावर विकलंत तर फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलेलं पाहिजे.

ए-६०२: मी विकणार नाही. उलट ह्या भावात अजून घेऊन ॲव्हरेज खाली आणायचा विचार आहे.

बी-५०३: विका किंवा ठेवा, ते मी सांगणार नाही. पण नवीन पैसा आत्ता घालू नका, एवढं हक्कानं सांगतो. भाव खाली आला म्हणजे शेअर स्वस्त झाला असं नव्हे. वसुली सुधारली का, कर्ज वाढलं का, प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत, हे आधी बघा. तारणाचा आकडा शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये असतो, तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत तो एक्स्चेंजवर टाकावा लागतो. भाव पडत गेला की कर्ज देणारे आणखी तारण मागतात, नाही दिलं तर ते शेअर बाजारात विकून मोकळे होतात. मग घसरण थांबवणं कुणाच्याच हातात राहत नाही. एचडीआयएल आठवा, आपल्या मुंबईचीच कंपनी. २००७ मध्ये ५०० रुपयांनी आयपीओ आला आणि २०१९ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच वर्षी ह्या कंपनीला दिलेल्या कर्जांपायी अडचणीत आलेल्या पीएमसी बँकेच्या दारात लोक रडत उभे होते, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय.

सी-१०१: माझ्या नणंदेचे पैसे होते पीएमसीत. त्या दिवसांबद्दल लिहायलाही नको वाटतं.

ए-२०४: मग आपण करायचं काय? आज निकालानंतरचा कंपनीचा कॉनकॉल ऐकला. प्रश्न विचारणारे सगळे फंडवाले नि ब्रोकरेजवाले, आणि सुरुवात "चांगल्या निकालाबद्दल अभिनंदन" अशी. साइटवर काम का थांबलंय हे एकानंही विचारलं नाही. माझा नंबर आलाच नाही.

बी-१०२: वार्षिक सभेत विचारा. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते. एकच शेअर असला तरी बोलायचा हक्क आहे, आणि सभा आता ऑनलाइन असते, रजा काढून कुठे जायला नको. नोटीस २१ दिवस आधी येते, त्यात वक्ता म्हणून नाव नोंदवायचा ईमेल आणि शेवटची तारीख असते. ती तारीख चुकवू नका.

बी-५०३: माझं मत असं आहे की सगळ्यांनी तेच ते बोलू नये. भाव का पडला हे तर मुळीच विचारू नका, "भाव बाजार ठरवतो" एवढं सांगून ते पुढे जातील. उत्तर आकड्यात द्यावं लागेल असंच विचारा. बुकिंगमधलं किती टक्के १०-९० स्कीमचं आहे? बुकिंग कधी धरता, टोकनवर, दहा टक्के आल्यावर, की ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर? किती बुकिंग रद्द झाली?

ए-६०२: आणि क्यूआयपीचे पैसे कशात गेले, जमीन घेण्यात की जुनं कर्ज फेडण्यात. हा प्रश्न माझा.

सी-१०१: त्या टॉवरचा शेवटचा स्लॅब कधी पडला, तारीख सांगा, असं मी विचारते. माझ्याकडे फोटो आहेत.

बी-१०२: वहिनी, फोटो आत्ताच मेलनं कंपनी सेक्रेटरींना पाठवून ठेवा, सभेची वाट बघू नका. नाव, डिमॅट खात्याचे डीपी आयडी आणि क्लायंट आयडी लिहा आणि पोच मागा. मसुदा मी रात्री टाकते, सगळ्यांनी आपापल्या मेलवरून पाठवा.