आईबाबा जूनमध्ये मेलबर्नला येतायत, कांगारू-कोआला सोडून काय दाखवू? आणि आधी काय वाचू?

शमीची_शेंग:
तीन वर्षं झाली इथे पण खरं सांगायचं तर ऑफिस, घर आणि दोनदा ग्रेट ओशन रोड, संपलं. मीटिंग सुरू होताना वुरुंडजेरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी (ॲबोरिजिनल) लोकांच्या भूमीचा उल्लेख होतो, मी मान डोलावते, वाचलेलं मात्र शून्य. आठ दिवस आहेत, बाबांचे गुडघे कुरकुरतात. उलुरूवर, देशाच्या मधोमध असलेल्या त्या प्रचंड लाल खडकावर, चढता येतं का?

भटकं_कासव:
चढायचं डोक्यातून काढ. ऑक्टोबर २०१९ पासून बंदच आहे, आणि चालू होतं तेव्हाही तिथले मूळ रहिवासी आनंगू लोक चढू नका म्हणून विनवत होते. पायथ्याची पूर्ण फेरी १० किमी आहे, बाबांना त्यातला माला वॉक हा छोटा टप्पा पुरे, सपाट आहे. जूनमध्ये रात्री पारा शून्याजवळ जातो, कानटोप्या आणायला सांग. आणि आठवण म्हणून खडा उचलू नका, लोक नंतर माफीच्या चिठ्ठीसकट पोस्टाने परत पाठवतात 😀

वामवाला:
एवढ्या लांब कशाला, बुज बिमला जा, मूळ रहिवाशांनी वाम मासे धरायला केलेली जुनी रचना आहे तिथे. मेलबर्नहून गाडीने चारेक तास. ज्वालामुखीचा काळा दगड, आपल्या सह्याद्रीत असतो तसलाच बसाल्ट, आणि तो रचून तिथल्या गुंडिजमारा लोकांनी पाण्याला वाटा काढल्यात, मधे बांध घातलेत, बांधाच्या फटीत विणलेली निमुळती टोपली लावायची की वाम आपोआप आत. हे किमान ६,६०० वर्षांपासून! २०१९ ला युनेस्कोच्या यादीत आलं, नंतरच्या वणव्यात गवत जळालं तर खाली आणखी चर सापडले. आम्ही पहिल्यांदा आपलेआपण गेलो आणि नुसते दगड बघून परत आलो, दुसऱ्यांदा गुंडिजमारा गाईड घेतला तेव्हा कुठे डोळे उघडले. गाईडचे पैसे वाचवू नका.

पानगळ:
वाचायला सॅली मॉर्गनचं 'माय प्लेस' (१९८७) घे. पर्थमध्ये वाढलेली मुलगी, शाळेत मुलं विचारतात तुम्ही कुठले, तर घरून शिकवलेलं उत्तर काय, 'इंडियन'! आपण ॲबोरिजिनल आहोत हे खरं कळेपर्यंत ती पंधराएक वर्षांची होते. मी ते पान वाचून पुस्तक मिटून बसले होते. माहितीच्या जाड पुस्तकांआधी हे वाच, मग घरच्यांनी का लपवलं याचा शोध आपसूक सुरू होतो.

भटकं_कासव:
+१. आणि पुढच्या वेळी काकाडू, उत्तरेतलं राष्ट्रीय उद्यान. तिथेही वर्षाचे सहा ऋतू मानतात, आपल्यासारखेच, फक्त वसंत-शिशिर नाहीत, जूनच्या सुमाराला येग्गे नावाचा ऋतू असतो, सकाळी पाणथळींवर धुकं आणि गवताला मुद्दाम लावलेल्या छोट्या आगी. मोठा वणवा भडकू नये म्हणून.

शमीची_शेंग:
ठरलं, बुज बिम, गाईडसकट. पुस्तक लायब्ररीत होल्डवर टाकलं. बाबांना फोनवर वामेचं सांगितलं तर पहिला प्रश्न, तिथे खायला मिळते का??

वामवाला:
मिळते. तिथल्याच टे राक तळ्याकाठी गुंडिजमारांचंच कॅफे आहे, निघायच्या आधी कुठल्या वारी उघडं असतं ते बघ. आमसूल घरून न्यावं लागेल 😉