मदत हवी आहे: बाबांना किआवाचा ओशन कोर्स झेपेल का?

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये बाबा पुण्याहून आमच्याकडे येतायत. त्यांना साउथ कॅरोलायनातल्या किआवा बेटावरच्या ओशन कोर्सवर गोल्फ खेळवायचंय. तिथे झालेला 1991 चा रायडर कप (अमेरिका-युरोप संघांची लढत) आणि तिथेच 2021 मध्ये पन्नाशीच्या फिल मिकलसननं जिंकलेली पीजीए चॅम्पियनशिप, दोन्ही स्पर्धा त्यांना तोंडपाठ आहेत. पण आता त्यांचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) जेमतेम 160 यार्ड जातो. दुसऱ्या आणि चौथ्या होलला खारट दलदलीवरून चेंडू पलीकडे न्यायचा असतो, त्यात समुद्राचा वारा कधी इकडून तर कधी तिकडून. सर्वांत पुढच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) जमेल का? सकाळ बरी की दुपार? चिलटं फार असतात का? गुडघे दुखतात, तेव्हा चालण्याचंही सांगा. खेळलेल्यांनी कृपया लिहा, त्यांची फार जुनी इच्छा आहे.