टीव्हीवाल्यांना आमचं घर हवंय – द्यावं का? (सल्ला हवा)

एपेक्सची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, रालीजवळ एपेक्सला राहतो. घर घरच्यांनीच बांधलंय. नकाशा सासऱ्यांचा (बाबा सांगलीला पाटबंधारे खात्यात होते, आता निवृत्त), लाकडी सांगाडा नवरा आणि भाऊजींनी उभा केला, फरश्या आणि रंग मी आणि जाऊबाईंनी. पाया, वीज आणि प्लंबिंग तेवढं परवानाधारक लोकांकडून करून घेतलं.

ओळखीच्या रिअल्टरबाईंमार्फत घर शोधण्याच्या एका टीव्ही कार्यक्रमाकडून विचारणा आलीय. त्यात एक जोडपं तीन घरं बघतं आणि एक निवडतं. त्यांचं घर आधीच ठरलंय, बाकीच्या दोनांपैकी एक म्हणून आमचं दाखवायचं. म्हणजे घर विकायचं नाहीये, नुसतं चित्रीकरण. घर बघून गेलेल्या मुलीने सांगितलं की हॉलमधला झोपाळा काढावा लागेल, फ्रेममध्ये तोच तो दिसतो. तो झोपाळा बाबांनी नकाशावर सगळ्यात आधी काढला होता आणि हॉल त्याच्याभोवती आखला. पाट सांगलीच्या जुन्या घराचा, सागवानी.

प्रश्न तीन:
१. हो म्हणावं का?
२. करारात काय लिहून घ्यावं?
३. तयारीसाठी ८०० डॉलरच्या वर एक पैसा काढायचा नाही असं ठरलंय. त्यात काय करावं?
एचओए (वसाहतीची घरमालक संघटना) नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे.

बेएरियाकर
नक्की हो म्हणा, अशी संधी परत येत नाही. पण घर कॅमेऱ्यावर चांगलं दिसायचं तर स्टेजिंगला (म्हणजे घर दाखवण्यासाठी सजवून घेण्याला) पर्याय नाही. आम्ही फ्रीमाँटचं घर विकताना स्टेजर लावला होता, सहा हजार गेले, पण पहिल्याच वीकेंडला मागणीपेक्षा वरच्या ऑफर आल्या. आतून पूर्ण रंग द्या, पांढऱ्याच्या जवळचा. जड पडदे काढा. झोपाळा गराजमध्ये ठेवा, महिनाभराचा तर प्रश्न.

एपेक्सची_सून
@बेएरियाकर, धन्यवाद, पण घर विकायचं नाहीये. आणि ८०० डॉलर.

निळाई
असे कार्यक्रम वर्षानुवर्षं बघतेय म्हणून सांगते. यातलाच हाउस हंटर्स, एचजीटीव्ही या घरांच्या कार्यक्रमांच्या वाहिनीवर १९९९ पासून चालू आहे. २०१२ मध्ये टेक्सासमधल्या भाग घेतलेल्या एका बाईंनीच उघड केलं की त्यांचं घर आधीच ठरलं होतं आणि बाकीची दोन घरं मित्रमंडळींची होती, विक्रीला नव्हतीच. वाहिनीनेही तेव्हा मान्य केलं की वेळ वाचवायला ते खरेदी बरीच पुढे गेलेली कुटुंबं निवडतात. म्हणजे तुम्हाला सांगितलंय त्यात नवल काही नाही, धंद्याची रीतच ती आहे.

पण एक लक्षात घ्या. प्रत्येक घरात दोष काढायला त्या जोडप्याला सांगितलेलंच असतं, नाहीतर बघणाऱ्याला चुरस कशी वाटणार? तुमच्या स्वयंपाकघराला कोणीतरी 'अंधारं' म्हणणार. हे बाबा बघणार आहेत का, याचा विचार करा.

चहाबिस्किट
निळाईताईंशी शंभर टक्के सहमत. ज्या माणसाने ग्राफ पेपरवर एकेक खोली आखली, त्याला परक्याच्या तोंडून 'ही बेडरूम लहान आहे' ऐकवायचं? आणि तेही खोटं खोटं! माझ्या वडिलांनी बांधलेल्या घराबद्दल असं कोणी बोललं असतं तर मी उठून गेले असते. नाही म्हणा.

मेणवलीकर
आमच्या वाई-मेणवलीला शूटिंग नवीन नाही. घाटावर, वाड्यांत कायम कोणीतरी कॅमेरा लावून बसलेलं असतं. आमच्या काकांनी एका मालिकेला घर दिलं होतं. नाव सांगत नाही. चुन्याचा गिलावा असलेल्या भिंतीला त्यांच्या कला विभागाने सरळ ऑइल पेंट मारला, कारण सीनमध्ये भिंत हिरवी हवी होती. चुन्याची भिंत आतला ओलावा बाहेर टाकत असते, वरून ऑइल पेंटचा थर बसला की ओल आत कोंडते. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला फुगे आले आणि हातभर रुंदीचे पापुद्रे गिलाव्यासकट खाली. युनिट तोवर निघून गेलेलं, फोन कोण उचलतो!

तेव्हा ताई, एकच सांगतो. ते यायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक फरशीचा, कोपऱ्याकोपऱ्याचा तारखेसकट फोटो काढा. त्यांच्या माणसाला बरोबर घेऊन काढा आणि त्याच दिवशी त्याला ईमेल करा. आणि 'भिंतीला काहीही लावायचं, ठोकायचं, रंगवायचं नाही' हे वाक्य करारात पाहिजेच.

बेएरियाकर
अमेरिकेत असं होत नाही, इथे सगळ्यांचा विमा असतो.

मेणवलीकर
विमा असला तरी फोटो लागतातच ना साहेब. भिंत आधी कशी होती हे सिद्ध कशावरून करणार?

वकिलीणबाई
मी न्यू जर्सीत वकिली करते. हा सर्वसाधारण सल्ला समजा. सही करण्याआधी तुमच्या राज्यातल्या वकिलाला तासभर दाखवा.

त्यांचा छापील कागद 'लोकेशन रिलीज' असतो. त्यात बहुतेक वेळा चित्रीकरण कायमचं, सगळ्या माध्यमांत आणि अक्षरशः 'विश्वात कुठेही' वापरायचा हक्क लिहिलेला असतो. तो बदलून मिळणं कठीण आहे. संपादनावर तुमचा अधिकार असणार नाही, कोण काय बोललं ते तुम्ही कापू शकणार नाही. त्यावर शक्ती घालवू नका. मिळू शकतं ते मागा. पत्ता, घराचा नंबर आणि तुमची आडनावं दिसणार नाहीत. मुलीचा फोटो, शाळेचं नाव, फ्रिजवरचा तिचा वेळापत्रकाचा कागद दिसणार नाही. कुठल्या खोल्या वापरायच्या आणि कुठल्या बंद, ते नावानिशी. येण्याची आणि जाण्याची वेळ, आणि त्यापुढे तासाला किती. नुकसान किती दिवसांत भरून देणार.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विम्याचं प्रमाणपत्र. त्यांच्या पॉलिसीवर तुम्ही दोघं 'ॲडिशनल इन्शुअर्ड' म्हणून, म्हणजे त्याच विम्याचं संरक्षण मिळणारे म्हणून, नावानिशी हवेत. दर घटनेला दहा लाख डॉलरची लायबिलिटी ही नेहमीची रक्कम आहे. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय दार उघडू नका. स्वतःच्या विमा कंपनीलाही कळवा, कारण घराच्या साध्या पॉलिसीत व्यावसायिक वापर बऱ्याचदा वगळलेला असतो.

भिंतीवर कोणाचं चित्र आहे का? चित्रकाराची परवानगी नसेल तर ते उतरवायला सांगतील.

एपेक्सची_सून
वकिलीणबाई, हे फार उपयोगी पडलं. चित्रं दोन आहेत, दोन्ही सासूबाईंनी काढलेली. त्या लेखी परवानगी देतील!

सुतारपक्षी
माझा मुद्दा वेगळा आहे. झोपाळा कशाला टांगलाय? इथली घरं लाकडी. छताच्या एका जॉइस्टला (छताखालच्या आडव्या लाकडी वाशाला) हूक मारून झोपाळा लावलेला मी पाहिलाय आणि तो उतरताना पण पाहिलाय. पाटाचं वजन, त्यावर तीन माणसं, आणि झोका घेतला की भार दोन्ही बाजूंना खेचतो. युनिटमधला एखादा जेवणाच्या सुट्टीत बसणार म्हणजे बसणारच, आणि पडला तर दावा तुमच्यावर. काढाच.

एपेक्सची_सून
जॉइस्टला नाही हो. बाबांनी दोन एलव्हीएल (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या) तुळया एकत्र बोल्ट करून भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकायला लावल्या, खाली दोन्ही टोकांना खांब थेट पायापर्यंत. आर्किटेक्टच्या शिक्क्याचे नकाशे नसले तरी तुळईचा हिशोब इंजिनीअरकडून तपासून घेतला होता आणि काउंटीच्या तपासनिसाने सांगाड्याच्या वेळी तो पाहिला. दिवाळीला सहा जणी बसलो होतो.

सुतारपक्षी
मग उत्तम बांधलाय. बाबांना नमस्कार सांगा. पिन कुठली वापरलीय? बेअरिंग आहे की नुसता हूक?

पेठेतला
पितळी कड्या कुठून आणल्या? आमच्या झोपाळ्याच्या कड्या मी बोहरी आळीतून घेतल्या, वजनावर. आता पोकळ कड्या भरीव म्हणून खपवतात, बघून घ्यावं लागतं.

हिशेबनीस
संखेड्याला जा. बडोद्यापासून जवळ. लाखकाम केलेले झोपाळे तिथे पिढ्यान् पिढ्या बनतात.

पेठेतला
संखेड्याचं काम देखणं असतं, पण त्यांचा पाय असलेला झोपाळा वेगळा आणि आपला तुळईला टांगलेला वेगळा. दोन्हीची तुलनाच नको.

हिशेबनीस
असो. मूळ प्रश्नावर येतो, कारण पैशांचं कोणी बोललंच नाही. ताई, फुकट देऊ नका. भाग घेणाऱ्या जोडप्यांना ५०० डॉलरच्या आसपास मिळाल्याचं त्यांनीच ठिकठिकाणी सांगितलंय, पण ते जोडप्याचं झालं. जागेचं भाडं वेगळं, ते मागायचं असतं. दिवसाचं मागा.

कराचं ऐका. राहतं घर वर्षात १४ दिवस किंवा त्याहून कमी भाड्याने दिलं तर ते भाडं फेडरल करात उत्पन्न म्हणून दाखवावं लागत नाही. आयकर संहितेचं कलम २८०ए, पोटकलम जी. जॉर्जियातल्या ऑगस्टाला गोल्फच्या स्पर्धेच्या आठवड्यात लोक घरं भाड्याने देतात, त्यावरून त्याला ऑगस्टा नियम म्हणतात. मात्र त्या भाड्यापोटी केलेला खर्चही वजा करता येत नाही. त्यांनी १०९९ फॉर्म (तुम्हाला दिलेले पैसे कर खात्याला कळवणारा कागद) पाठवला तर सीपीएला, म्हणजे तुमच्या हिशेबतपासनिसाला, आधीच सांगून ठेवा.

गप्पिष्ट
एचओएला विचारलंत का? आमच्या शार्लटच्या एचओएने साध्या बास्केटबॉलच्या खांबावरून पत्र पाठवलं होतं.

चहाबिस्किट
एचओए नाही, वर लिहिलंय त्यांनी.

गप्पिष्ट
मग नशीबवान आहात. तरी शेजाऱ्यांना सांगा, गाड्या खूप येतात.

आणि परमिटं सगळी बंद झालीत ना? नॉर्थ कॅरोलिनात मालकाने स्वतः बांधायला परवानगी आहे, पण काम संपल्यावर बारा महिने स्वतः किंवा कुटुंबाने राहावं लागतं. तुम्हाला किती झाले माहीत नाही. मागचं डेक परमिटशिवाय वाढवलं असेल तर ते टीव्हीवर दाखवू नका.

एपेक्सची_सून
बारा महिने कधीच होऊन गेले, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (राहायला परवानगीचा दाखला) आहे. डेक नकाशात होतं.

लाल_माती
मी शूटिंगच्या साउंड विभागात काम करते, म्हणून घरात प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. आवाज येतो म्हणून एसी बंद करतील आणि फ्रिजही. एसी बंद केल्यावर तुमच्याकडच्या जुलैत घर तासाभरात भट्टी होतं, तेव्हा तारीख वसंतातली किंवा ऑक्टोबरची मागा. फ्रिज परत चालू करायला हमखास विसरतात. यावर युनिटातली रीत अशी की ज्याने फ्रिज बंद केला त्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे किल्ली घेतल्याशिवाय तो घरी जाऊच शकत नाही. ही रीत पाळा असं सांगा, कोणी वाईट वाटून घेणार नाही.

दिवे सगळे एकाच सॉकेटला लावले तर ब्रेकर पडतो. कुठलं सॉकेट कुठल्या ब्रेकरवर, त्याची यादी पॅनेलच्या दारावर चिकटवा. घर स्वतः बांधलंय म्हणजे तुमच्याकडे असेलच. बाहेर लाल माती आहे, पावसानंतर बूट घेऊन आत आले तर फरशीच्या सांध्यांतून ती निघत नाही. जाड पुठ्ठे अंथरायला लावा, ते त्यांच्याकडे असतात. आणि देवघराच्या खोलीचं दार बंद ठेवा, नाहीतर सामान ठेवायला तीच खोली घेतील.

झोपाळा राहिला तर कड्यांना तेल घाला. करकर रेकॉर्डिंगमध्ये येते.

बेएरियाकर
मी अजूनही म्हणतो, रंग द्या. आणि फोटो काढून ठेवा, विम्याचं प्रमाणपत्र घ्या.

मेणवलीकर
फोटोचं मी वर लिहिलंच आहे.

निळाई
शूटिंगच्या वेळी घरच्यांनी घरात थांबू नये असं मला वाटतं. एकाने थांबावं, बाकीच्यांनी बाहेर. बाबा तर नकोतच.

वकिलीणबाई
सहमत, एकच प्रतिनिधी ठेवा, म्हणजे कोण कशाला हो म्हणालं यावर गोंधळ होत नाही.

एपेक्सची_सून
मंडळी, ठरलं. सगळ्यांचं वाचलं, बाबांनाही व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. निळाईताई, चहाबिस्किट, तुमची काळजी मी त्यांच्यापुढे जशीच्या तशी ठेवली. ते म्हणाले, "खात्यात बांधलेल्या कालव्याला लोकांनी चाळीस वर्षं नावं ठेवली, पाणी अजून वाहतंय. अंधारं म्हणाले तर म्हणू देत. खिडकी पूर्वेला आहे, शूटिंग सकाळी ठेवायला सांग."

तेव्हा हो म्हणतोय, पण झोपाळ्यासकट. त्या मुलीला स्पष्ट सांगितलं की झोपाळा उतरला तर घरही नाही. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की राहू दे. त्याबदल्यात भाड्याची घासाघीस मी केली नाही, त्यांनी दिलं ते घेतलं. हिशेबनीस, तुम्हाला पटणार नाही हे माहीत आहे.

विम्याचं प्रमाणपत्र आलंय, दोघांची नावं आहेत. मुलीची खोली आणि देवघर करारात 'बंद' म्हणून लिहिलंय. भिंतीला हात लावायचा नाही हेही. तारीख मेमध्ये घेतली, सकाळची.

रंग देत नाही. वकिलाची फी नवऱ्याने वेगळी दिली. त्या ८०० डॉलरमध्ये भाऊजी आणि जाऊबाईंची ह्यूस्टनहून तिकिटं काढली. बाबा आणि आई तेव्हा इथेच असतील. ज्यांनी ज्यांनी घर बांधलं ते सगळे त्या दिवशी घरात पाहिजेत, असं मला वाटतं. सही करायला प्रतिनिधी मी एकटी, वकिलीणबाई, एवढं तुमचं ऐकलं. बाकीचे मागच्या डेकवर बसतील.

चहाबिस्किट
मला अजून पटलेलं नाही. पण बाबांचं उत्तर आवडलं.

लाल_माती
डेकवर बसणाऱ्यांना सांगा, टेक चालू असताना हसायचं नाही. काचेच्या दारातून आवाज येतो.

सुतारपक्षी
पिनचं राहिलंच.

एपेक्सची_सून
@सुतारपक्षी, बेअरिंगवाली आहे, भाऊजींनी बसवलीय. मेमध्ये ते आले की फोटो टाकायला सांगते.

नवाभिडू
धागा पूर्ण वाचला नाही, पण आधी आतून पांढरा रंग देऊन घ्या.