एअर रेड, ट्रिपल ऑप्शन की प्रो-स्टाईल? कॉलेजच्या सिस्टीमने ड्राफ्टवर खरंच किती फरक पडतो

गंगापूररोडकर

मंडळी, नाशकात अमेरिकन फुटबॉल बघणारे मोजकेच आहेत पण जे आहेत ते पक्के आहेत, म्हणून इथेच विचारतो. माझा चुलतभाऊ बरीच वर्षं डॅलसजवळ राहतो, त्याचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या तिथे हायस्कूलला वाइड रिसीव्हर (बाहेरून पळत जाऊन पास झेलणारा) खेळतो, उंच आहे, पळतो जबरदस्त, आणि आता कॉलेजवाल्या कोचेसचे फोन यायला लागलेत. जूनमध्ये सगळे नाशिकला आले होते तेव्हा घरात दिवसरात्र हाच विषय. वहिनीचं म्हणणं, जिथे सगळ्यात जास्त पास टाकतात तिथे जावं, कॅच वाढतील, यार्ड वाढतील, आपोआप एनएफएल म्हणजे प्रो लीगवाल्यांचं लक्ष जाईल. दादाचं म्हणणं बरोब्बर उलटं, तो म्हणतो असल्या सतत पास टाकणाऱ्या सिस्टीममधल्या पोरांचे आकडे स्काऊट लोक (खेळाडू हेरणारे) धरतच नाहीत, त्यापेक्षा प्रो-स्टाईल म्हणजे एनएफएलसारखं खेळणाऱ्या कॉलेजला जाऊन कमी कॅच घेतलेले परवडले. पोरगं बिचारं दोघांच्या मधे. मला दोघांचंही पटतं म्हणून अडचण आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात त्यात, सात राउंड मिळून अडीचशेच्या आसपासच पोरं घेतात, त्यात नंबर लागणं किती अवघड ते आम्हाला कळतं, तरी निर्णय नीट विचार करून व्हावा एवढंच. सिस्टीमचा खरंच एवढा फरक पडतो का?

पंचवटी_एक्सप्रेस

पडतो, पण पूर्वीसारखा नाही, आणि हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

दादा जे म्हणतोय ना ते एकेकाळी शंभर टक्के खरं होतं. ह्यूस्टन कॉलेजची रन अँड शूट (सारखे पास टाकायची पद्धत) घ्या, 1989 ला तिथला क्वार्टरबॅक (पास टाकणारा) आंद्रे वेअरने हाइजमन म्हणजे कॉलेजच्या बेस्ट खेळाडूची ट्रॉफी जिंकली आणि 1990 च्या ड्राफ्टमध्ये लायन्सने त्याला सातव्या नंबरला घेतला, त्याच्यानंतर तिथेच क्वार्टरबॅक झालेल्या डेव्हिड क्लिंगलरने 1990 मध्ये एका मॅचला 11 टचडाऊन पास टाकले, अकरा, एका मॅचमध्ये, आणि 1992 ला बेंगाल्सने त्याला सहाव्या नंबरवर उचलला. दोघंही एनएफएलमध्ये चालले नाहीत. तिथून स्काऊट लोकांच्या डोक्यात 'सिस्टीम क्वार्टरबॅक' हा शिक्का बसला. पाटा विकेटवर रणजीत त्रिशतक ठोकणाऱ्याकडे निवड समिती जशी संशयाने बघते तसंच.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला कोच माइक लीचच्या टेक्सास टेकमधल्या पोरांना. लीच आणि हॅल मम्मी या दोघांनी मिळून एअर रेड (मैदान ताणून सतत पास टाकायची पद्धत) उभी केली, आणि टेकला बी. जे. सायमन्सने 2003 च्या एका सीझनमध्ये 5,833 यार्ड टाकले, तो गेला सातव्या राउंडमध्ये. ग्रॅहम हॅरेलने कॉलेजमध्ये 15 हजारांहून जास्त यार्ड केले आणि 2009 ला त्याला कोणी ड्राफ्टच केलं नाही. मला आजही याचं वाईट वाटतं, कारण मेहनत त्या पोरांची होती आणि श्रेय सगळं सिस्टीमला गेलं.

पण मग बघा काय झालं. 2016 ला कॅलचा जॅरेड गॉफ पहिल्या नंबरला, तोही एअर रेडच्याच घराण्यातला. 2017 ला त्याच टेक्सास टेकचा पॅट्रिक माहोम्स, चीफ्सने 27 वरून वर येऊन दहाव्या नंबरला घेतला. 2018 ला बेकर मेफिल्ड आणि 2019 ला कायलर मरे, दोघंही ओक्लाहोमाचे, लिंकन रायलीकडचे, दोघंही पहिल्या नंबरला. हॅरेलनंतर दहा वर्षांत एवढा बदल. आणि हे नुसतं माहोम्समुळे नाही झालं, एनएफएलनेच कॉलेजच्या गोष्टी उचलल्या, शॉटगन (क्वार्टरबॅकने थोडं मागे उभं राहून बॉल घेणं) वाढली, आरपीओ (रन की पास ते बॉल आल्यावर ठरवायचे प्ले) आले, टेकला माहोम्सचा कोच असलेला किंग्सबरी 2019 ला थेट कार्डिनल्सचा हेड कोच झाला. ज्या सिस्टीमला नावं ठेवायचे तीच त्यांनी घरात घेतली. म्हणून मी वहिनींच्या बाजूने आहे, पास टाकणाऱ्या टीमला जाऊ दे पोराला.

सिडको_संदीप

एक्सप्रेस भाऊ, माहिती भारी दिलीत पण तुम्ही बोलताय क्वार्टरबॅकबद्दल आणि पोरगं आहे रिसीव्हर, तिथे गणित वेगळं आहे. क्वार्टरबॅकसाठी एनएफएल टीम बदलायला तयार होते, त्याच्या आवडीचे प्ले लावतात, हेड कोच बदलतात. गॉफचंच घ्या ना, पहिल्या वर्षी सात मॅच सुरू केल्या आणि सातही हरला, मग मॅकव्हे हेड कोच म्हणून आला आणि दोन वर्षांत सुपर बोलमध्ये. रिसीव्हरसाठी एवढं कोण करतंय, त्याला जे येतं ते यायलाच पाहिजे नाहीतर दुसरा उभाच आहे.

जेलिन हायट आठवतोय का? टेनेसीचा. 2022 ला अलाबामाविरुद्ध एका मॅचमध्ये 5 टचडाऊन, त्या वर्षी देशातल्या बेस्ट रिसीव्हरचं बिलेटनिकॉफ अवॉर्ड त्यालाच मिळालं. ड्राफ्टला कुठे गेला, तिसऱ्या राउंडला, 73 व्या नंबरवर. कारण टेनेसीच्या त्या ऑफेन्समध्ये रिसीव्हर एकदम बाहेर बाउंड्रीजवळ उभे करतात, मैदान ताणतात, प्ले फटाफट सुरू करतात, डिफेन्सला नीट उभं राहायला वेळच मिळत नाही आणि त्यामुळे हायटला बऱ्याचदा समोर कोणी अंगाला भिडलेलाच नव्हता, सरळ पळत सुटायचं. आता स्काऊटने टेपवर काय बघायचं? स्पीड दिसला. पण कॉर्नरने (रिसीव्हरला अडवणारा) लाईनवर छातीवर हात ठेवून अडवलं तर हा सुटतो कसा, कमबॅक (पुढे जाऊन मागे वळायचा रूट, म्हणजे ठरलेला मार्ग) कसा पळतो, आत वळायच्या डिग रूटवर मधे मार खायची तयारी आहे का, याचा पुरावाच कमी. त्या पोराला येत नव्हतं असं मी म्हणत नाही, दाखवायला मिळालं नाही. आणि ड्राफ्टमध्ये जे दिसलं नाही ते नाही असंच धरतात.

आता उलटं उदाहरण, ट्रिपल ऑप्शन, म्हणजे बॉल घेऊन पळण्यावर भर असलेली पद्धत. जॉर्जिया टेक, पॉल जॉन्सन कोच असताना पास जवळजवळ टाकतच नव्हते. डिमेरियस थॉमस 2009 ला फक्त 46 कॅच, पण 1,154 यार्ड, आणि 2010 ला ब्रॉन्कोजने पहिल्या राउंडला 22 व्या नंबरवर घेतला. त्याच राउंडला ब्रॉन्कोजने 25 व्या नंबरवर टिम टीबो घेतला, आणि 2012 च्या जानेवारीत प्लेऑफला स्टीलर्सविरुद्ध ओव्हरटाइमच्या पहिल्याच प्लेला याच दोघांनी 80 यार्डांचा टचडाऊन केला, ती क्लिप मी अजून बघतो. म्हणजे कमी कॅचने ड्राफ्ट अडत नाही. पण त्याच कॉलेजचा स्टीफन हिल, 2011 ला 28 कॅच, कॉम्बाईनला (ड्राफ्टआधीची चाचणी) भन्नाट स्पीड, 2012 ला जेट्सने दुसऱ्या राउंडला घेतला आणि दोन सीझनमध्ये विषय संपला. उंची आणि स्पीडवर ड्राफ्ट होता येतं, टिकता येत नाही, आणि एवढे थोडे रूट पळून आलेल्या पोराला सगळं नव्याने शिकायला लागतं तेव्हा तिथे शिकवायला कोणाला वेळ नसतो.

म्हणजे वहिनी पण पूर्ण बरोबर नाही आणि दादा पण नाही. किती कॅच यापेक्षा कसले कॅच ते बघा.

वैशाली_इंदिरानगर

मी ड्राफ्ट दरवर्षी बघते, आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो, घरातले सगळे झोपलेले असतात आणि मी चहा घेऊन टीव्हीसमोर, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

संदीपचं पटलं. पण सिस्टीमचा सगळ्यात जास्त परिणाम मला वाटतं लाईनमन (समोरच्यांना अडवणारे) आणि टाईट एंडवर (अडवणं आणि कॅच दोन्ही करणारा) होतो आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही. एअर रेडमध्ये लाईनमन एकमेकांपासून लांब लांब उभे राहतात, बऱ्याचदा हात जमिनीला न लावता, आणि स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे दिला, की मागे सरकत पासचं रक्षण करायचं, बास. समोरच्याला ढकलत नेऊन रनसाठी जागा करायचं काम फार कमी. वॉशिंग्टन स्टेटचा आंद्रे डिलार्ड 2019 ला पहिल्या राउंडला गेला, म्हणजे अगदीच दार बंद आहे असं नाही, पण त्याच्याबद्दलही रन ब्लॉकिंगचा प्रश्न होताच. आणि आयोवा बघा, कर्क फेरेन्ट्झ, जुन्या वळणाचा ऑफेन्स, बघायला लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण ब्रँडन शर्फ 2015 ला पाचवा, ट्रिस्टन वर्फ्स 2020 ला तेरावा. जॉर्ज किटलने आयोवाला अख्ख्या कॉलेज करिअरमध्ये फक्त 48 कॅच घेतले! पाचव्या राउंडला 146 वा गेला आणि पुढे लीगमधल्या सगळ्यात चांगल्या टाईट एंडमध्ये जाऊन बसला, कारण ब्लॉकिंग त्याला आधीपासून येत होतं. म्हणजे सिस्टीमने त्याचा ड्राफ्ट नंबर खाली नेला पण खेळाडू म्हणून घडवला. गंगापूररोडकर दादा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या घरी दोन्ही एकत्र धरून वाद चाललाय असं मला वाटतं.

अजून एक, मैदानच वेगळं आहे. कॉलेजमध्ये हॅश मार्क (प्ले सुरू करायची जागा ठरवणाऱ्या खुणांच्या दोन रांगा) एकमेकींपासून 40 फुटांवर, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. बॉल एका हॅशवर असला की कॉलेजमध्ये दुसऱ्या बाजूला केवढी मोठी मोकळी जागा मिळते, तिथे पळालेले बरेचसे रूट एनएफएलला तसे राहतच नाहीत. आरपीओचंही तेच, कॉलेजमध्ये पास असला तरी लाईनमनला 3 यार्ड पुढे जायची मुभा, एनएफएलमध्ये 1 यार्ड. त्यामुळे कॉलेजला जे सोपं दिसतं ते तिथे दिसेलच असं नाही, स्काऊटला हे माहिती असतं.

पंचवटी_एक्सप्रेस

वैशालीताई, किटलचं उदाहरण एक नंबर. संदीप, रिसीव्हरचं मान्य, पण एअर रेड म्हणजे डोकं न वापरता पळणं हे मला अजिबात मान्य नाही. चार जण सरळ वर पळतात त्या प्लेमध्येसुद्धा समोरचा सेफ्टी (डिफेन्समधला सगळ्यात मागचा) कुठे जातो ते बघून रिसीव्हरने पळता पळता ठरवायचं असतं की पुढे जायचं की मोकळ्या जागेत थांबायचं, आणि क्वार्टरबॅकनेही तेच वाचायचं. हे एनएफएलमध्ये थेट उपयोगी पडतं. मात्र लीचच्या पद्धतीत रिसीव्हर कायम मैदानाच्या एकाच बाजूला खेळायचा, डावीकडचा डावीकडेच, ही अडचण आहे खरी.

आणि स्काऊटही चुकतात हो. जस्टिन जेफरसन, एलएसयू, 2019 ला 111 कॅच, पण बहुतेक स्लॉटमधून (लाईन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधली जागा), म्हणून बाहेर खेळेल का अशी शंका काढली आणि त्याच्या आधी चार रिसीव्हर गेले. ईगल्सने 21 ला जेलन रेगर घेतला, व्हायकिंग्सने 22 ला जेफरसन. पहिल्याच वर्षी 1,400 यार्ड.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, वैशालीताई तुमचा मुद्दा दादाला आज रात्रीच सांगतो. आता नेमकं काय करायचं? कोच लोक फोनवर सगळंच गोड बोलतात, त्यांना विचारायचं काय?

सिडको_संदीप

कोचच्या बोलण्यावर जाऊच नका, टेप बघा. त्या कॉलेजच्या मागच्या सीझनच्या दोन-तीन पूर्ण मॅच लावा, हायलाइट नको, आणि पुतण्या जिथे खेळणार त्या जागेवरच्या रिसीव्हरवर नजर ठेवा. कुठले कुठले रूट पळतो ते पोरालाच वहीत लिहायला लावा. बहुतेक वेळा स्क्रीन (लाईनजवळचा छोटा पास) आणि सरळ पळायचा गो एवढंच निघालं तर सावध व्हा. दोन्ही बाजूंना खेळवतात का, कधी स्लॉटमध्ये कधी बाहेर असं हलवतात का, आणि रन असतो तेव्हा रिसीव्हर ब्लॉक करतात की उभे राहतात. मग कोचला विचारायचं ते एवढंच की याला वेगवेगळे रूट शिकवणारा रिसीव्हर कोच कोण आणि तो तिथे किती वर्षं आहे.

कारण सिस्टीम बघून गेलात तरी सिस्टीम टिकेल याची खात्री नाही. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला अलाबामाला तीन वर्षांत तीन ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मिळाले, किफिन, मग डेबॉल, मग लॉक्सली, आणि चौथ्या वर्षी तो ओक्लाहोमाला रायलीकडे गेला. दुसऱ्या राउंडला 53 वा आला आणि 2025 च्या फेब्रुवारीत सुपर बोलचा एमव्हीपी ठरला. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे कॉलेज बदलणं तेव्हापेक्षा सोपं झालंय, त्यामुळे पहिला निर्णय म्हणजे सगळं आयुष्य असं वहिनींना वाटू देऊ नका. पहिली दोन वर्षं जिथे प्रेस कव्हरेजमधून (कॉर्नरने लाईनवरच अडवणं) सुटायला शिकवतील तिथे जाऊ दे, कॅच नंतरही वाढवता येतात.

वैशाली_इंदिरानगर

आणि शिक्षण कुठे चांगलं आहे तेही त्याच वहीत लिहा दादा, अडीचशेमध्ये नाव नाही आलं तर डिग्रीच उपयोगी पडणार आहे. मॅचच्या लिंक मिळाल्या की इथे टाका, आम्ही पण बघतो.